४८ अंड्यांचं इनक्युबेटर घेतलं त्याला वर्ष झालं, आता लिहिते

अंडी उबवायचं हे मशीन घेतलं तेव्हाच रिव्ह्यू लिहायला बसले होते, बरं झालं लिहिला नाही. पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर पाच स्टार दिले असते आणि पहिल्या बॅचनंतर लिहिला असता तर शिव्या. आता वर्ष झालंय, सहा बॅच काढून झाल्यात, सातवी आत चालू आहे, त्यामुळे जे आहे ते सांगते.

आधी आमचं थोडं. पाटण तालुक्यात गाव, घरामागं १२ गुंठे परसबाग, त्यात अळू, हळद, शेवगा, दोन पपया, मांडवावर दोडका आणि वाल, आणि जमेल तेव्हा मेथी-कोथिंबिरीचे वाफे. कोंबड्या २५ ते ३० कायम, सगळ्या गावरान, दोन-चार गिरिराज म्हणजे सुधारित जातीच्या. घरात आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मामा म्हणजे सासरे, थोरली सातवीत, धाकटा दुसरीत, आणि आमचे हे कराडला कामाला, सकाळी जातात रात्री येतात, म्हणजे कोंबड्यांच्या बाबतीत मत द्यायला फक्त.

मशीन का घेतलं? खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी आपल्या मर्जीनं बसते. आपल्याला शिमग्यानंतर पिल्लं पाहिजेत तर ती बसणार श्रावणात. आणि गिरिराज तर बसतच नाही, तिचं काम अंडी घालणं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. म्हटलं एकदाच ४८ अंडी लावू, वर्षाला चार-पाच बॅच काढू, जत्रेच्या आधी कोंबडे विकू. कागदावर हिशोब फार भारी दिसत होता. मामांनी विरोध केला, त्यांचंही चुकलं नव्हतं, २०१९ ला आमच्या या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात कडकनाथ कोंबड्यांच्या स्कीममध्ये किती जणांचे पैसे बुडाले ते त्यांनी जवळनं बघितलंय, तेव्हापासून कोंबडी आणि फायदा हे दोन शब्द एका वाक्यात आले की मामा उठून बाहेर जातात. मी सांगितलं स्कीम नाही, नुसता डबा आहे, साडेसहा हजाराचा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर हेच मशीन पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी ऑनलाईन मिळतं, डबा तोच, स्टिकर वेगळं. पिवळा-पांढरा प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक झाकण, आत पंखा, हीटर, अंडी कलती करणारा ट्रे, समोर टेंपरेचर आणि आर्द्रता दाखवणारा डिस्प्ले, आणि मागं १२ व्होल्टच्या बॅटरीची एक पिन. ही पिन लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. खोक्यात जे माहितीपुस्तक आलं ते कुठल्या भाषेत लिहून कुठल्या भाषेत आणलं देव जाणे, एका ठिकाणी लिहिलंय 'अंडे शांत झाल्यावर पाणी प्यावे'. थोरली हे वाक्य अजून जेवताना म्हणते.

पहिली बॅच मार्चमध्ये लावली. घरची ३० अंडी होती, १८ गावातनं गोळा केली, बारा-पंधरा रुपयाला एक. आत्यांनी त्याच दिवशी तांबड्या कोंबडीला डालग्यात भाताचं काड घालून ११ अंड्यांवर बसवली, आणि काडाखाली एक खिळा ठेवला. ढग गडगडले की अंडी गार जातात, लोखंड ठेवलं की जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर मशीनच्या झाकणावर पण एक खिळा. विचारलं तर म्हणाल्या, "असू दे, तुझ्या मशीनला काय तोशीस पडतीय का?" तो खिळा आजपण तिथंच आहे, आता चिकटपट्टीनं चिकटवलाय.

सातव्या रात्री लाईट बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली. हे मात्र खरंच बघण्यासारखं असतं, अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च टेकवायचा, आत लाल कोळ्यासारखं दिसतं, मधे एक ठिपका आणि सगळीकडं शिरा पसरलेल्या, आणि तो ठिपका हलतो. धाकटा श्वास रोखून बघत होता. ४८ पैकी ११ कोरी निघाली. त्यातली बरीचशी बाहेरनं आणलेली, नंतर चौकशी केली तर एका बाईनं ती फ्रिजमधनं काढून दिली होती, आणि एकीकडं कोंबडाच नाही! चूक माझीच, विचारायला पाहिजे होतं. उबवायला अंडी ताजी पाहिजेत, सात दिवसांच्या आतली, सावलीत निमुळतं टोक खाली करून ठेवलेली, आणि धुवायची अजिबात नाहीत, अंड्यावर एक नैसर्गिक थर असतो तो धुतला की जंतू आत जातात. आणि आठ-दहा कोंबड्यांमागं एक तरी कोंबडा लागतोच.

एकविसावा दिवस आला. आत्यांच्या कोंबडीखाली सकाळी चिवचिव सुरू, संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर. मशीन गप्प. रात्री अकरापर्यंत आम्ही सगळे डब्याभोवती, एक अंडं हलत होतं बस. आत्या काही बोलल्या नाहीत पण जाता-येता डोकावून जायच्या आणि त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागत होतं. बाविसाव्या दिवशी दुपारी पहिलं पिल्लू फुटलं, मग तेविसाव्यापर्यंत एकेक करत १९. त्यातल्या दोघांचे पाय वाकडे, एकाची बेंबी नीट मिटलेली नाही. ४८ ला १९, आणि आत्यांचे ११ ला ९.

कंपनीला मेसेज केला तर उत्तर आलं, अंडी खराब असतील. आता हे खरंच अर्धं खरं होतं त्यामुळे भांडता पण येईना.

खरं कारण सापडलं ते एप्रिलमध्ये, आणि तेही योगायोगानं. थोरलीला ताप आला होता, घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला होता, तो परत ठेवताना सहज डोक्यात आलं, रिकामं मशीन चालू केलं, तासाभरानं थर्मामीटर जाळीवर अंड्याच्या उंचीला आडवा ठेवला. डिस्प्लेवर ३७.७. थर्मामीटरवर ९८ च्या जरा खाली. पंखा असलेल्या मशीनला साधारण ३७.५ लागतं, म्हणजे तापाच्या थर्मामीटरवर साडेनव्व्याण्णव. आणि तापाच्या थर्मामीटरचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, म्हणजे त्या तासाभरात सगळ्यात जास्त झालं तेच ९८. सोप्या भाषेत सांगायचं तर डिस्प्ले एका डिग्रीनं खोटं बोलत होता आणि माझी पिल्लं २१ दिवस थंडीत बसली होती. टेंपरेचर कमी पडलं की पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात, जास्त झालं की लवकर निघतात आणि मरतात पण लवकर. एका डिग्रीनं एवढा फरक.

म्हणून जो कोणी हे किंवा असलं कुठलंही मशीन घेईल त्याला माझं एकच सांगणं, अंडी लावायच्या आधी दोन दिवस रिकामं चालवा आणि तापाच्या थर्मामीटरनं तपासा, दोन-तीन जागी ठेवून बघा, कारण आमच्या मशीनमध्ये पंख्याजवळचा कोपरा गरम आहे आणि दाराकडचा थंड, मी दर तीन-चार दिवसांनी कोपऱ्यातली अंडी मधे आणि मधली कोपऱ्यात करते. सेटिंगमध्ये आता ३८.६ ठेवते, तेव्हा आत साडेसदतीस मिळतं. तसं झाकणावर लिहून ठेवलंय, नाहीतर आमचे हे एखाद्या रविवारी 'चुकीचं सेट झालंय' म्हणून ठीक करून ठेवतील.

दुसरी बॅच जुलैमध्ये. टेंपरेचर बरोबर, अंडी सगळी घरची, ४० लावली, ३३ मध्ये जीव. म्हटलं आता बघा. माहितीपुस्तकात लिहिलंय की पाण्याच्या दोन्ही खाचा भरलेल्या ठेवा, मी इमानदारीत भरल्या. १४ निघाली. बाकीची अंडी पंचविसाव्या दिवशी मागं उकिरड्याजवळ नेऊन फोडून बघितली, वाईट काम आहे पण केल्याशिवाय कळत नाही. आत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं आलेली, ओली गच्च. आमच्याकडं जुलैचा पाऊस म्हणजे काय हे पाटणकडं आलेल्याला सांगायला नको, भिंतीला हात लावला तरी ओला होतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि त्यात मी मशीनमध्ये वरनं पाणी ओततेय. अंड्यातलं थोडं पाणी २१ दिवसांत उडून जावं लागतं, तेव्हा रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू शेवटी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी बारीक राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. हे माहितीपुस्तकात नाही.

आता मी पावसाळ्यात पहिले १८ दिवस पाणी घालतच नाही. हिवाळ्या-उन्हाळ्यात एक खाच भरते, आर्द्रता ४५ ते ५० च्या आसपास राहते. अठराव्या दिवशी अंडी कलती करणं बंद, ट्रे काढायचा, खाली जाळी टाकायची, दोन्ही खाचा कोमट पाण्यानं भरायच्या, आर्द्रता ६५-७० वर न्यायची आणि झाकण लावून टाकायचं. यानंतर झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. सात, चौदा आणि अठराव्या दिवशी अंड्यावर पेन्सिलनं पोकळीची रेघ मारते, ती वाढत गेलेली दिसते, त्यावरनं पाणी कमी-जास्त करते. आर्द्रतेचा डिस्प्ले खरा का खोटा ते मी तपासलेलंच नाही, पेन्सिलची रेघ खरी.

तिसरी बॅच नोव्हेंबरच्या शेवटी, आणि हिच्यावर एक वेगळा लेख होईल. ४४ अंडी, ३९ जिवंत. पंधराव्या रात्री साडेदहाला लाईट गेली, डीपी जळाला. आमच्या तालुक्यात कोयनेचं धरण, त्याच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा वीज प्रकल्प चालतो, आणि आम्ही डिसेंबरच्या थंडीत टॉर्च लावून डब्याभोवती बसलोय. मशीनला ती १२ व्होल्टची पिन आहे म्हणून औषध फवारायच्या पंपाची बॅटरी काढून जोडली, तासभर चालली आणि संपली. मला रडूच यायला लागलं होतं. तेव्हा आत्या उठल्या. कोंबडी काय दिवसभर चिकटून बसते का, रोज खायला-प्यायला उठतेच की, काय होत नाही, असं म्हणत त्यांनी चूल पेटवली, मोठं पातेलं पाणी ठेवलं, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या भरल्या, मशीनच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि वरनं त्यांची स्वतःची वाकळ टाकली, चार पदराची, जुन्या लुगड्यांची. हवेची भोकं तेवढी थोडी मोकळी ठेवली. दर दीड तासानं बाटल्या बदलायच्या. एकदा मी उठायची, एकदा त्या. पहाटे तीनच्या फेरीला आम्ही दोघी चुलीपाशी चहा पीत बसलो होतो आणि त्यांनी मला त्यांच्या सासूच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली, लग्नाला पंधरा वर्षं झाली, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. सकाळी साडेसातला लाईट आली. ९ तास. ३३ पिल्लं निघाली, बरोबर एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी. पंधराव्या दिवसापर्यंत आतली पिल्लं मोठी झालेली असतात, त्यांची स्वतःची ऊब तयार होते, म्हणून तगली. हेच पाचव्या दिवशी झालं असतं तर एवढी निघाली असती असं मला वाटत नाही. त्यानंतर इन्व्हर्टर घेतला, तो खर्च मशीनच्या दुपटीपेक्षा जास्त झाला, हिशोबात धरा.

वीजबिलाचं विचारतात म्हणून सांगते, एका बॅचला शंभर-दीडशेचा फरक पडतो, त्याचं काही नाही.

मोटरचं मात्र आहे. अंडी कलती करणाऱ्या ट्रेचा गिअर प्लास्टिकचा आहे, चौथ्या बॅचच्या नवव्या दिवशी त्याचे दात गेले, टक टक टक आवाज आणि ट्रे जागच्या जागी. कंपनीवाल्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. परत दुसऱ्या बाजूनं मागितला, तोही पाठवला. मग वॉरंटी कार्डाचा फोटो. मग सुट्टी. शेवटी मोटर वाइंडिंगवाल्या एका माणसानं कुठल्या तरी खेळण्यातला गिअर घासून बसवून दिला, ८० रुपये, अजून चाललाय. मधले पाच दिवस अंडी हातानं फिरवली. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोळे, असं दिवसातनं पाच वेळा, आकडा विषम पाहिजे म्हणजे लांबची रात्र रोज एकाच बाजूवर जात नाही. हे काम धाकट्याकडं दिलं आणि त्यानं एकदाही चुकवलं नाही, शाळेत जायच्या आधी पण फिरवून जायचा, गृहपाठाच्या बाबतीत हाच मुलगा आपल्याला दप्तर आहे हे विसरतो. फक्त एक केलं त्यानं, सात-आठ अंड्यांवर पेन्सिलनं क्रिकेटरांची नावं लिहिली. त्यातलं कॅप्टनचं अंडं निघालंच नाही, दोन दिवस तोंड पाडून होता.

आता ज्याच्याबद्दल जाहिरातीत कुणीच सांगत नाही ते. मशीन अंडी उबवतं, एकविसाव्या दिवशी त्याचं काम संपतं, तुमचं सुरू होतं. पिल्लांना पहिला आठवडा ३५ डिग्रीची ऊब लागते, मग आठवड्याला तीन-तीननं कमी करायची. आम्ही लाकडी खोक्यात भाताचं तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, वर ६० चा पिवळा बल्ब, असं करतो. एलईडी बल्ब लावू नका, त्याला ऊबच नसते, हे हसण्यासारखं वाटेल पण आमच्या शेजारी एकानं लावला होता. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली तर गरम होतंय, सगळीकडं सांडल्यासारखी पसरून चरत असली तर बरोबर आहे. पहिलं पाणी गुळाचं. निघाल्यावर लगेच खायला घालायची गडबड करू नका, पोटात बलक घेऊनच बाहेर येतात, दिवस-दीड दिवस सहज निघतो.

मग लसी. सातव्या दिवसाच्या आसपास लासोटा, डोळ्यात एक थेंब, मानमोडी रोगासाठी. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा, पुढं देवीची. पण लसीची बाटली शंभराच्या वर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तीस पिल्लांसाठी एवढी बाटली फोडायची जिवावर येतं. आता आम्ही वाडीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात अंडी लावायची ठरवलंय, लस एकत्र आणतो, बर्फाच्या डब्यात, आणि आमच्या पडवीत रांग लागते. पोलिओच्या बूथसारखी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मशीनच्या पिल्लांना आई नसते. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या बॅचची १९ पिल्लं पाच आठवड्यांची झाल्यावर परसात सोडली. त्याच परसात आत्यांची तांबडी तिची नऊ घेऊन फिरत होती. घार आली. तांबडीनं एकच आवाज काढला, बारीक, घशातनं, आणि तिची नऊच्या नऊ अळूच्या पानांखाली गायब, एकही दिसेना. आणि आमची १९ मान वर करून घारीकडं बघत उभी. माझ्या डोळ्यादेखत एक उचललं. आठवड्यात चार गेली घारीनं, तीन एका रात्रीत मुंगसानं, कारण संध्याकाळी खुराड्यात जायचं असतं हे पण त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, हळदीच्या वाफ्यातच झोपायची. आणि माझा मेथीचा वाफा? तांबडी तिच्या पिल्लांना उकिरड्यावर न्यायची, किडे दाखवायची. आमची बिनआईची टोळी थेट मेथीत. जाळी लावेपर्यंत सगळा वाफा उकरून सपाट.

तेव्हा आत्यांनी उपाय काढला, आणि माझ्या मते या रिव्ह्यूमधला कामाचा भाग हाच. डिसेंबरच्या त्या बॅचच्या वेळी त्यांच्या दोन कोंबड्या खुडूक होत्या. त्यांना पाच-पाच अंड्यांवर बसवून ठेवलं, मशीनच्या तारखेला तारीख जुळवून. पिल्लं निघाली त्या रात्री अकराला, सगळीकडं अंधार करून, मी मशीनमधनं वाळलेली पिल्लं ओच्यात घेतली आणि आत्यांनी एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. टॉर्च नाही, बोलणं नाही. हात मागनं न्यायचा, पंखाखालनं, पिल्लू सोडायचं, फुटकं कवच काढून घ्यायचं. कोंबडीनं दोनदा हाताला टोचलं, मग एकदम पिसं फुगवली आणि ते कुर्र कुर्र सुरू केलं, दबक्या आवाजात, जे ती फक्त पिल्लांशी बोलते. आत्या अंधारात माझ्या कानाशी म्हणाल्या, "घेतली बघ पदरात." सकाळी दोघींखाली मिळून २२ पिल्लं, स्वतःची आठ आणि मशीनची चौदा, आणि कुणाला काही पत्ता नाही. बाकीची बल्बखाली वाढवली. हे पहिल्या एक-दोन दिवसांतच जमतं, पिल्लं मोठी झाली की कोंबडी ओळखते आणि मारते. एका कोंबडीला दहा-बारा बास, पंखाखाली मावली पाहिजेत. पण त्या २२ मधली घारीनं आजपर्यंत एक नेलंय, फक्त एक.

पैशाचं बोलायचं तर निम्मे कोंबडे निघतात हे लक्षात ठेवा. ३३ पिल्लांत १६-१७ कोंबडे, चार महिन्यांचे झाले की पहाटे साडेचारला सगळे एकदम आरवायला लागतात, आपसात मारामाऱ्या, आणि खाद्य खातात ते वेगळं. जत्रा आणि आषाढातली गटारी धरून विकले तर एकेक पाचशे-सहाशेला जातो. सहा बॅचचे मिळून मशीनचे पैसे निघाले, इन्व्हर्टरचे अजून निघायचेत. परसाला फायदा मात्र भरपूर, तूस आणि कोंबड्यांची शीट एकत्र खड्ड्यात टाकून कुजवते, ताजं घातलं तर झाडं जळतात, चार-पाच महिन्यांनी घातलं की दोडका असा लागतो की वाटून वाटून कंटाळा येतो.

घ्यावं का? पाच-सहा कोंबड्या आहेत आणि घरच्यापुरती अंडी-पिल्लं पाहिजेत तर अजिबात घेऊ नका, एक खुडूक कोंबडी, एक डालगं आणि काड, खर्च शून्य, निकाल माझ्या मशीनपेक्षा चांगला. वीस-पंचवीसच्या वर कोंबड्या आहेत, लाईटची सोय आहे आणि घरात दिवसभर कुणीतरी असतं, तर घ्या. एकदम शंभर-दोनशे पिल्लं पाहिजेत तर त्यासाठी पुणे, कोल्हापूरला सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथं नंबर लावा, या डब्यावर तो धंदा होणार नाही. आणि गिरिराजची अंडी घरी उबवून पुन्हा तशीच गिरिराज मिळतील या आशेवर राहू नका, पुढची पिढी मिसळ निघते.

स्टार द्यायचे तर मशीनला पाचपैकी तीन. डब्याला चार देईन, ऊब धरून ठेवतो, झाकण चांगलं. डिस्प्लेला एक. गिअरला शून्य. कंपनीच्या सर्व्हिसला त्याहून कमी देता येत नाही. माहितीपुस्तकाला मनोरंजनासाठी पाच.

आत्ता सातव्या बॅचचा एकोणिसावा दिवस चालू आहे. आत्यांना झाकण उघडून अंडी कोमट पाण्यात सोडून बघायची फार सवय, जिवंत अंडं पाण्यात हलतं, त्यांच्या डालग्यातल्या अंड्यांना ते ठीक आहे, पण मशीनचं झाकण उघडलं की सगळी वाफ जाते. म्हणून धाकट्यानं वहीचा कागद फाडून झाकणावर चिकटवलाय, खिळ्याच्या शेजारी, लाल स्केचपेननं, 'आजी उघडू नकोस, २१ तारखेला उघड'. काल संध्याकाळी बघितलं तर आत्या झाकणाला कान लावून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "उघडलं नाय गं. एक बोलाय लागलंय."